परागचं ओरिजिनल

परागने जुना फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, मागवलाय. त्याचा ग्रुपवर टाकलेला फोटो सगळ्यांनी पाहिलाय, तेव्हा तो पुन्हा सांगत बसत नाही. रविवारी स्वारी कट्ट्यावर आली ती प्रवचनाच्या तयारीनेच.

"आपण खेळलो ते सगळं डुप्लिकेट. फॅमिकॉम म्हणजे १९८३चा जपानी माल. ओरिजिनल!" हा शब्द उच्चारताना पराग डोळे मिटतो.

"मग आमच्याकडे होता तो काय?" ज्योतीने विचारलं. मेच्या सुट्टीत अख्खी चाळ हिच्याच घरी पडीक असायची. त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा, असं आपलं माझं मत.

"नक्कल. चोरीचा माल."

"त्या चोरीच्या मालासाठी रोज दुपारी दारात उभा असायचास. तेव्हा पावती नाही मागितलीस ती!"

"तसं नाही गं. याच्या दुसऱ्या रिमोटवर चक्क माईक आहे, माहितीये?"

"दुसऱ्या रिमोटचं तूच सांगणार. पहिला तुला कुणी दिलाच नाही."

मंग्याला कॅसेट आठवली. वर छापलेलं ९९९९ इन १ आणि आत धड वीस गेम नाहीत. मारिओ तोच, नुसता एकदा पहिल्यापासून सुरू, एकदा मधूनच. कॅसेट अडली की फुंकायचं काम मंग्याचं. सुहास टीव्ही दुरुस्त करतो, तो म्हणाला, "फुंकून काही होत नसतं. काढून परत बसवली की पिना नीट टेकतात, एवढंच. उलट थुंकीने गंज चढतो."

"म्हणजे आमची कॅसेट यानेच मारली!" ज्योती म्हणाली. मंग्या तिला गणपतीच्या वर्गणीतल्या जुन्या हिशोबाची आठवण करून द्यायला लागला. ते इथे लिहीत नाही.

परागने आता बंदूकही मागवलीय. डक हंटसाठी, म्हणजे पडद्यावरची बदकं टिपायच्या गेमसाठी.

"टीव्ही कुठला?" सुहासने विचारलं.

"पंचावन्न इंची. एलईडी."

"मग भिंतीवर टांग. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक तो उजेड टिपते. हे सगळं जुन्या डब्बा टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं. तुझ्या टीव्हीला चित्र दाखवायला जरा उशीर होतो, तोवर बंदूक बघून मोकळी."

पराग गप्प. पण सुहास कुठला थांबतोय. "आणि एका बदकाच्या डावात दुसऱ्याला रिमोटने बदक हलवता येतं, हे ठाऊक आहे ना?"

परागने ज्योतीकडे पाहिलं. ज्योती चहात बघत होती.

"तू? सगळी सुट्टी?"

"दुसरं काय करणार? तुझी पाळी संपायची कधी?"

"म्हणजे माझा नेम चांगला होता!" पराग उठून उभाच राहिला.

"अधूनमधून रिमोट खाली ठेवून पाहिला रे," ज्योती म्हणाली. "तेव्हाही नाही लागला."

मंग्याच्या नाकातून चहा आला.