पालक कोण, हा खरा प्रश्न

नद्यांच्या हक्कांवरच्या तुमच्या लेखात गंगा-यमुनेला ‘व्यक्ती’ ठरवणाऱ्या, म्हणजे माणसासारखे कायदेशीर हक्क देऊन ते जपायला पालक नेमणाऱ्या, उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या निकालाचं कौतुक आहे. निकाल मार्च २०१७ चा, आणि जुलैतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, हे लेखात यायला हवं होतं. स्थगिती मागायला खुद्द राज्य सरकार गेलं होतं. पुरात माणसं दगावली तर भरपाई कुणी द्यायची, हा त्यांचा सवाल. आणि पालक कोण नेमले होते? राज्याचे मुख्य सचिव, राज्य सरकारची बाजू कोर्टात मांडणारे महाधिवक्ता, आणि ‘नमामि गंगे’ या केंद्राच्या गंगा-सफाई योजनेचे संचालक. म्हणजे नदीने ज्यांच्याकडून जाब घ्यायचा, तेच तिचे पालक.

निकाल आला त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडने व्हांगानुई नदीला ‘व्यक्ती’ मानणारा कायदा केला. तिथे नदीच्या वतीने दोघं बोलतात, एक सरकारचा आणि एक नदीकाठच्या माओरींचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा. शंभराहून जास्त वर्षं भांडून मिळवलंय त्यांनी ते.

माझ्या आजोळी घाटाच्या खालच्या पायरीवर उभं राहिलं की मासे पायाला लुचायचे. गेल्या मे महिन्यात तिथे फेस होता, साबणाच्या पाण्यासारखा. शेजारच्या भोईकाकांनी जाळं केव्हाच माळ्यावर टाकलंय. पाण्याचा वास बदलला, हे सगळ्यांत आधी त्यांनीच सांगितलं होतं. आमच्या नदीच्या वतीने कोर्टात बोलायला मला ते हवेत.