सुरू म्हणजे पाइन नव्हे, आणि पाइन फक्त बर्फातला नव्हे

सुरुबनाच्या फोटोखाली एक मजकूर सगळीकडे फिरतोय: 'पाइन बर्फाळ प्रदेशातलं झाड, विषुववृत्ताजवळ ते उगवत नाही. उष्ण प्रदेशातला पाइन म्हणजे आपल्या कोकणातला सुरू. पाइनचा उपयोग लाकडापुरता. राळ काढली की झाड मेलंच.'

आधी सुरू. त्याची 'सुई' ही पान नसून हिरवी बारीक डहाळी असते. दोन बोटांत धरून ओढा, आगगाडीचे डबे सुटावेत तशी सांध्यांवर सुटते. प्रत्येक सांध्याला इवल्या खवल्यांचं कडं दिसेल. ती खरी पानं. शिवाय सुरूला फुलं येतात. पाइनला ना फूल ना फळ. बी शंकूच्या खवल्यावर उघडंच. म्हणजे नात्याने सुरू पाइनपेक्षा आंब्याला जवळचा! घोळ बहुधा 'ऑस्ट्रेलियन पाइन' या इंग्रजी नावाने झाला. त्या न्यायाने अननसही पाइनच म्हणायचा.

विषुववृत्ताचं म्हणाल, तर इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर पाइन आपणहून वाढतो. तिथे त्याला 'तुसाम' म्हणतात. शास्त्रीय नाव पायनस मर्कुसाय, डच गव्हर्नर-जनरल पीटर मर्कुस यांच्यावरून १८४५ साली दिलेलं. सुया दोन-दोनच्या जुडीत. केरिंची भागात तर तो विषुववृत्त ओलांडून सुमारे २ अंश दक्षिणेला पोचलाय. निसर्गतः तिकडे गेलेला दुसरा पाइन नाही. डोंगरउतारांवर जास्त रमतो हे खरं, पण बर्फाशी त्याचा संबंध नाही. जावातली पाइनबनं मात्र लावलेली आहेत, तेवढं मान्य.

लाकूड कागदाच्या लगद्याला, खोक्यांना जातं. पण जावात त्याची खरी कमाई राळेची. खोडाची साल खरवडून खाच पाडतात, पाझरणारा चीक खाली बांधलेल्या करवंटीत जमतो. हो, नारळाच्याच. तो तापवला की टर्पेंटाइन वाफेबरोबर निघतं आणि मागे उरते घट्ट राळ, 'गोंडोरुकेम'. ती कागदावर शाई फुटू नये म्हणून वापरतात, व्हार्निशात घालतात आणि बाटिकच्या मेणातही मिसळतात; मेण कापडाला धरून राहतं ते तिच्यामुळे.

झाड मरतं का? दोडामार्गाकडे रबराचा चीक काढताना पाहिला असेल, तर उत्तर ठाऊकच आहे. एकाच झाडातून वर्षानुवर्षं राळ काढतात. हावरेपणाने खाचा खोल आणि जास्त पाडल्या, तर मात्र खोड कमकुवत होतं आणि वाऱ्यात तिथेच मोडतं.