एका पेचाचे अठराशे? दुकानाकडून उत्तर

दादा, नमस्कार. तुमचा एक स्टार पाहिला, त्याखालचं लिहिलेलंही वाचलं. नागपूरहून आर्वीपर्यंत तेवढा मोठा, नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेमचा डिब्बा पिकअपमध्ये घालून आणणं आणि परत नेणं सोपं नाही. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो. दादांनी लिहिलं आहे की त्यांच्यासमोर आम्ही एक पेच फिरवला आणि १८०० रुपये घेतले, आठवड्याच्या वर डिब्बा ठेवून घेतला, कॉम्प्युटरच्या तीनशे रुपयांच्या एसएमपीएसमध्ये (म्हणजे पॉवर सप्लायमध्ये) काम झालं असतं, आणि मालकाला बोलायची पद्धत नाही. पद्धतीचं राहू द्या, माझा आवाजच मोठा आहे, घरचेही तेच म्हणतात. पण पेचाचं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही घ्यायला आलात तेव्हा मी फिरवला तो प्रीसेट. एसएमपीएसमधून निघणारे ५ व्होल्ट त्याने कमी-जास्त होतात. तुम्ही पाहिलं ते शेवटचं काम होतं जी. आणि तो मी उलटा, म्हणजे व्होल्टेज कमी करायला फिरवला, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच आलं नाही.

डिब्बा आला तेव्हा तक्रार अशी होती की गेम सुरू होतो, चित्र येते, आवाज वाढला की चित्र फाटते आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो. तुम्ही म्हणालात, "एसएमपीएस चांगला आहे, मीटरवर पाच दाखवते, बोर्डच गेला." बोर्ड म्हणजे ज्यावर गेम चालतो ते सर्किट. मी एसएमपीएसच्या वायरी जोडायच्या पट्टीवर मीटर लावलं तर ५.४ व्होल्ट होते. तिथे पाहून कोणीही म्हणेल की भरपूर आहे. तेच मीटर बोर्डाच्या काठावर, कनेक्टरच्या पिनांवर लावलं तर ४.७. या जुन्या बोर्डांवरच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये पाहिजे असते. खाली गेलं की बोर्ड गडबडतो आणि स्वतःला परत चालू करतो. म्हणजे बोर्ड चांगला होता, उपाशी होता. संत्र्याच्या बागेत मोटर जोरात चालते आणि ड्रिपच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसं.

मग ०.७ व्होल्ट जाते कुठे? बोर्ड साधारण ४ अँपिअर ओढत होता. ०.७ गुणिले ४, म्हणजे जवळपास ३ वॅट नुसते वायर आणि पिना तापवण्यात जात होते. हे जॅमा वायरिंग आहे, म्हणजे बोर्ड डिब्ब्याला जोडायची ठरलेली पद्धत, १९८५ पासूनची, ५६ पिनांची. त्यात ५ व्होल्टसाठी चार पिना असतात, दोन वर, दोन खाली. तुमच्या कनेक्टरात चारपैकी तीन काळ्या पडून ढिल्या झाल्या होत्या, सगळा भार एकीवर. तिच्या बाजूचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं होतं, हे मी तुम्हाला मोबाईलवर फोटो काढून पाठवलं होतं. ग्राउंडच्या, म्हणजे करंट परतायच्या काळ्या वायरीच्या बाजूनेही थोडं व्होल्टेज पडत होतं. लोक लाल वायर तपासतात आणि काळी सोडून देतात, म्हणून दोन्हीकडे वेगवेगळं मोजावं लागते.

आता पेचाकडे या. त्याच्यावर कंपनीचा लाल ठिपका असतो, तो तुटलेला होता आणि खाच ताजी चमकत होती. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "कोणीच हात लावला नाही." ठीक आहे, तुम्ही लावला नसेल. पण कोणीतरी ५ चे ५.४ केले होते, गेम थोडा वेळ चालावा म्हणून. या एसएमपीएसला लक्ष फक्त ५ व्होल्टवर असते, १२ त्याच्या मागे ओढल्या जाते. म्हणून तुमचे १२ जवळपास १३ झाले होते आणि आवाजाचा आयसी इतका तापत होता की हात लावू देत नव्हता. मीही तोच पेच अजून पुढे सरकवला असता तर पाच मिनिटांत गेम चालला असता, तुम्ही खूश होऊन पाच स्टार दिले असते. मग एखाद्या दिवशी कनेक्टर काढून घट्ट बसवला असता तर ५.७ सरळ बोर्डात. तेव्हा बोर्ड खरंच गेला असता.

आम्ही काय केलं: कनेक्टर नवीन लावला, ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या वायरी जाड घेऊन दुहेरी केल्या, बोर्डाचा काठ साफ केला, एसएमपीएस उघडून फुगलेले दोन कॅपॅसिटर बदलले, १०५ डिग्री सोसणारे. कॅपॅसिटर खराब आहेत हे कळायला मीटर एसी रेंजवर टाकून डीसी लाईनवर पाहावं लागते, तिथे लहर दिसते. उघडायच्या आधी आतला मोठा कॅपॅसिटर रिकामा करावा लागतो, २३० च्या लाईनवर त्यात सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात. पहिल्यांदा चालू करताना शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला, आत काही चुकलं असेल तर भार बल्बवर जावा म्हणून. एसएमपीएस एकटा चालवून मोजला तर आकडा खोटा येतो, म्हणून बोर्ड आणि मॉनिटर जोडून, मागची फळी लावून, दुपारच्या उकाड्यात चालवून पाहिला. या सगळ्यानंतर एसएमपीएसवर ५.१ ठेवले तेव्हा बोर्डावर ५.०२ आले. तो शेवटचा नखभर फरक तुमच्या डोळ्यांसमोर केला, कारण मला वाटलं तुम्हाला मीटरवर दाखवावं. दाखवलं ते अंगाशी आलं.

अर्थिंगचे पैसे लावलेच नाहीत, बिल पाहा. प्लगची तिसरी पिन कोणीतरी कापून टाकली होती. एसएमपीएसच्या फिल्टरचे दोन बारके कॅपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसला की बॉडीवर लाईनच्या निम्मा व्होल्टेज तरंगतो. नाणं टाकायच्या पत्र्याला तुमच्या भाच्याचा हात लागला आणि तो "करंट मारते मामा" म्हणाला, ते तुम्ही हसण्यावारी नेलं होतं. आम्ही नवीन थ्री पिन लावून दिला.

तीनशेच्या एसएमपीएसचं म्हणाल तर हो, काही बोर्डांवर चालतो. पण कॉम्प्युटरच्या आताच्या एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्ट येतच नाहीत. तुमच्या मुस्तफा गेमच्या बोर्डाला त्याची गरज नाही, पण दुसरा जुना बोर्ड जो तुम्ही पिशवीत आणला होता, त्याचा आवाज उणे ५ वर आहे. शिवाय जळक्या कनेक्टरवर नवा एसएमपीएस लावून काय मिळालं असतं? तेच ४.७.

उशिराचं. मे महिना होता दादा. विदर्भातला मे. दुकानासमोर कूलरच्या मोटारी आणि पंपांची रांग होती. कोणाच्या घरी बाळंतीण, कोणाच्या घरी म्हातारा माणूस, ४५ डिग्रीत कूलर बंद. त्यांना थांबवून व्हिडिओ गेम आधी करायला मन झालं नाही, हे मी तुम्हाला डिब्बा उतरवतानाच सांगितलं होतं. त्यात दुपारची लाईट जायची. कनेक्टर आर्वीत मिळत नाही, तो मागवावा लागला. तुम्ही मात्र रोज फोन करून "झालं का, एवढंसंच तर आहे" म्हणत राहिलात. एकदा फोन उचलला नाही, तेव्हा दोन्ही हात आत होते.

दुकान लहान आहे. मी आणि एक पोट्टा, एवढेच. आमच्या दुकानाबद्दल लिहिणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात एक स्टार पडला की नवीन माणूस पुढे जातो, विचारतही नाही. १८०० मध्ये कनेक्टर, वायर, कॅपॅसिटर आणि आणायचा खर्च काढून काय राहिलं ते तुम्ही व्यवहारी माणूस आहात, लावा हिशेब.

पुढे बिलावर काय काय केलं ते लिहून द्यायचा प्रयत्न करू, आणि वेळेचंही काहीतरी बघू. मॉनिटरचं चित्र कडेला वाकते म्हणून तुम्ही शेवटी लिहिलं आहे, ते पॉवर सप्लायचं काम नव्हतं, मॉनिटरचं सर्किट वेगळं आहे आणि ते तुम्ही सांगितलं नव्हतं. करायचं असेल तर जुलैमध्ये आणा, कूलर उतरल्यावर. दुसरा बोर्ड लावायच्या आधी फोन करा, त्याला किती व्होल्ट ठेवायचे ते फोनवर सांगतो, त्याचे पैसे नाहीत. जुना जळका कनेक्टर पिशवीत नाव टाकून ठेवला आहे, पाहायचा असेल तर या. सोमवारी दुकान बंद असते.