टॉमकॅट ९ ची वॉर फाइल १० वर तशीच चालते का?

टॉमकॅट म्हणजे जावातली वेब ॲप चालवणारा सर्व्हर, आणि वॉर म्हणजे अशा ॲपची एकत्र बांधलेली फाइल. ‘९ ची वॉर फाइल १० च्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाका, काम झालं’ हा सल्ला सध्या फिरतोय. सर्व्हलेट (वेब विनंत्यांना उत्तर देणारा जावा क्लास) वापरणाऱ्या ॲपसाठी तो चुकीचा आहे. जावा ईई (मोठ्या ॲपसाठीचा जावाचा मानकसंच, सर्व्हलेट त्याचाच भाग) ऑरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, पण त्याच्या पॅकेजेसच्या (क्लासच्या गटांच्या) ‘जावाएक्स’ या नावाखाली बदल करायची मुभा ऑरॅकलने दिली नाही. म्हणून टॉमकॅट १० मध्ये ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ हे पॅकेज ‘जकार्ता.सर्व्हलेट’ झालं, जुन्या नावाचे क्लास तिथे नाहीतच.

त्याहून घातक उपाय म्हणजे सरसकट ‘जावाएक्स’ शोधून ‘जकार्ता’ करणं. त्यात ‘जावाएक्स.एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स.नेमिंग’ही बदलतात, आणि ती तर जेडीकेची (जावाच्या मूळ विकास-संचाची), नाव कायम असलेली पॅकेजेस! सोर्स कोड हाताशी नसेल तर वॉर ‘वेबॲप्स-जावाईई’ फोल्डरमध्ये ठेवा (नसल्यास तयार करा). रूपांतर टॉमकॅट १० स्वतःच करतो.