बरोजची सायकल आणि बोर्डमनचे पाय

काल रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज, "मामा हे वाच आणि मग बोल." खाली लांबलचक फॉरवर्ड. आमच्या सायकलच्या ग्रुपवर हाच तीनदा येऊन गेला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण या पोराला नोकरी लागून सहा महिने झालेत आणि तो ईएमआयवर कार्बनची सायकल घ्यायला निघालाय, कारण फॉरवर्ड म्हणतो की १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचं सायकलिंगचं गोल्ड ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने नाही तर लोटसच्या सायकलने जिंकलं, त्यावर कोणीही बसलं असतं तरी जिंकलं असतं. पुढे म्हणे ती सायकल लोटस कार कंपनीची, तिचा डिझायनर म्हणवला जाणारा माइक बरोज हा गावातला मेकॅनिक फुकटचा मोठा झाला, सायकलवर लगेच बंदी आली, आणि त्याची कॉम्पॅक्ट फ्रेम, म्हणजे वरचा दांडा मागे उतरता असलेली फ्रेम, ही जायंट या सायकल कंपनीची पैसे वाचवायची युक्ती.

कोणीही? अरे, जरा तरी विचार करा! ४००० मीटर परस्यूटमध्ये, म्हणजे पाठलागाच्या शर्यतीत, दोघं ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी निघतात. बार्सिलोनाचा ट्रॅक २५० मीटरचा, म्हणजे समोरच्याला गाठायचं तर १२५ मीटर भरून काढायचे. बोर्डमनने फायनलमध्ये जर्मनीच्या येन्स लेमानला गाठलं, आणि लेमान म्हणजे आदल्या वर्षीचा वर्ल्ड चॅम्पियन. सायकलने हवा कमी अडवली, मदत झाली, ते कोणीच नाकारत नाही. पण पेडल कोण मारत होतं?

आणि एवढं करूनही पटत नसेल तर तासाच्या रेकॉर्डची यादी उघडून १९९३ चा जुलै बघा, मला वाटतं तिथेच विषय मिटतो. २३ जुलैला बोर्दोमध्ये बोर्डमनने एका तासात ५२.२७० किलोमीटर मारून वर्ल्ड रेकॉर्ड केला. कुठल्या सायकलवर? कोरिमाच्या. फ्रेंच कंपनी, लोटसचा संबंध नाही, बरोजचाही नाही. आणि त्याने रेकॉर्ड मोडला कोणाचा, तर सहाच दिवस आधी नॉर्वेतल्या हामारला ५१.५९६ करणाऱ्या ग्रेम ओब्रीचा. या स्कॉटिश माणसाने स्वतःची सायकल स्वतः बनवली होती आणि तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलं होतं! आता यात कार कंपनी कुठे बसवायची ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

मेकॅनिकवाली ओळ मला सगळ्यात जास्त लागली, कारण बरोज २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेला, आता तो उत्तर द्यायला नाही. हा माणूस पॅकेजिंगची मशिनं बनवणारा इंजिनिअर, नॉर्विचजवळ वर्कशॉप. नळ्या जोडून फ्रेम करायच्या ऐवजी अख्खी फ्रेम कार्बनचं एकच कवच, ही सायकल त्याने ऐंशीच्या दशकातच करून ठेवली होती, पण यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना असल्या फ्रेमला परवानगी देत नव्हती म्हणून ती तशीच पडून राहिली. नियम सैल झाल्यावर लोटसमधल्या रूडी तोमानने, जो स्वतः सायकलवेडा, ती कंपनीत नेली. लोटसचा कारखानाही नॉर्विचजवळच. त्यांनी विंड टनेलमध्ये तपासून आकार सुधारला, पक्क्या सायकली बनवल्या, ते श्रेय त्यांचं, घ्या. पण कंपनीने हात लावायच्या आधी ती सायकल होती ना!

लोटसच्या त्या सायकलच्या फोटोत पुढचं चाक बघा. आपल्या सायकलला चाक चिमट्यात दोन्हीकडून धरलेलं असतं. इथे एकच दांडी, चाक एका बाजूने अडकवलेलं. लोक म्हणतात बघा, कारवाल्यांचं डोकं. अहो, बरोजच्या विंडचीटा नावाच्या तीनचाकीची पुढची दोन्ही चाकं अशीच एका बाजूने धरलेली, आणि ती लोटसच्या कितीतरी आधीची. पंक्चर झालं तर चाक न उतरवता, टायर बाजूला सारून ट्यूब काढता येते, रस्त्यात पावसात पंक्चर काढलेल्या माणसाला याची किंमत विचारा. याच विंडचीटावर अँडी विल्किन्सनने १९९६ मध्ये लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स, म्हणजे ब्रिटनचं एक टोक ते दुसरं टोक, ४१ तास ४ मिनिटांत कापलं.

लगेच बंदी? १९९४ च्या टूर दी फ्रान्सला लीलमध्ये बोर्डमनने लोटसवरच प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी शर्यत, जिंकून पहिल्या नंबरवाल्याची यलो जर्सी घातली. फ्रेमचे कडक नियम १९९६ मध्ये ठरले आणि २००० पासून लागू झाले. पुढे.

कॉम्पॅक्ट फ्रेमचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतंय. स्मॉल, मीडियम, लार्ज एवढ्यावर भागलं की कंपनीचा स्टॉक कमी लागतो, जायंटला ते हवंच होतं. पण बरोजने जायंटच्या टीसीआर या रेसिंग सायकलचा वरचा दांडा मागे उतरता केला त्याने फ्रेमचा त्रिकोण लहान झाला, लहान त्रिकोण म्हणजे नळी कमी, वजन कमी आणि फ्रेम जास्त ताठ. कंपनीचे पैसे वाचले म्हणून चालवणाऱ्याचा फायदा खोटा होत नाही.

भाच्याला रात्रीच फोन केला. म्हटलं, पार्किंगमध्ये जा आणि तुझ्या सायकलचा वरचा दांडा बघ. गेला, टॉर्च लावून बघितला, म्हणाला, "मामा, हा पण तिरकाच आहे की." हो बाबा, तिरकाच आहे. ईएमआयचा फॉर्म अजून भरलेला नाही म्हणतो. रविवारी सकाळी साडेपाचला खडकवासल्याला बोलावलंय, याच सायकलवर.