माझी तीन मिनिटं

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, या एका वाक्यावर भाळून आम्ही डॅलसच्या उत्तरेला घर घेतलं. पहिलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं तेव्हा हिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "घर विकतच घेतलंय ना आपण? मग हे भाडं कसलं?"

त्या बिलातला सगळ्यात गलेलठ्ठ आकडा शाळांचा. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ऑगस्टमध्ये कळलं, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, नवीन फुटबॉल स्टेडियम हवंय. फुटबॉल म्हणजे तो हातात घेऊन पळायचा. शाळेची पोरं खेळणार, शुक्रवारी संध्याकाळी. त्यासाठी लोकांचं मत घेऊन बॉण्ड, म्हणजे कर्जरोखे, काढायचे आणि ते आपण टॅक्समधून वर्षानुवर्षं फेडायचे.

मी माहिती काढली. जवळच्याच ॲलन गावाने २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर घालून अठरा हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं, आणि दोन सीझनमध्ये काँक्रीटला भेगा पडून ते बंद ठेवावं लागलं. ह्यूस्टनकडच्या केटी गावाची कथा तर लग्नातल्या पंगतीसारखी. २०१३ मध्ये लोकांनी चौदा हजार सीटांच्या स्टेडियमला 'नको' म्हटलं. पुढच्या वर्षी तेच बारा हजार सीटांचं होऊन नव्या शाळांबरोबर एकाच मोठ्या बॉण्डमध्ये आलं आणि मंजूर झालं. नको म्हटलेली जिलबी मठ्ठ्याच्या वाटीआडून पुन्हा पानात! आता २०१९च्या कायद्याने हजाराहून जास्त सीटांचं स्टेडियम मतपत्रिकेवर वेगळं विचारावं लागतं, आणि 'ही प्रॉपर्टी टॅक्समधली वाढ आहे' असं ठळक छापावंही लागतं.

एवढं वाचून मी पेटलो. अडचण एकच. मी ग्रीन कार्डाच्या रांगेत. टॅक्स भरायचा, मतदान करायचं नाही. मला मत नाही, मतं मात्र भरपूर आहेत.

पण स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये मतदार नसलेल्यालाही बोलता येतं. एक कार्ड भरायचं, नंबर आला की माइकपुढे जायचं. वेळ तीन मिनिटं. तीन! पुण्यात आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत काका पाण्याच्या टाकीवर पाऊण तास बोलायचे, तेही टाकी विषयपत्रिकेवर नसताना.

मी तीन पानी भाषण लिहिलं. हिने ओट्याशी उभं राहून फोनवर वेळ लावला. "सात मिनिटं चाळीस सेकंद," ती म्हणाली. "आणि मध्ये तुला ठसका लागला नाही म्हणून."

सभागृह गच्च भरलेलं. समोर बोर्डाचे सात ट्रस्टी, सगळे निवडून आलेले, बिनपगारी, चेहऱ्यावर 'घरी जेवण गार होतंय' असा भाव. माझा नंबर सतरावा. माइकपाशी तीन दिव्यांची पेटी: हिरवा, पिवळा, लाल.

आता सांगायला लाज वाटते, पण संस्कार आडवे आले. अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रत्येक ट्रस्टी, सुपरिंटेंडंट आणि उपस्थित पालकवर्ग यांना वंदन करण्यात एक मिनिट गेलं. मग मुद्द्याला पार्श्वभूमी हवी म्हणून माझ्या शाळेचं मैदान आणलं. त्यात मधोमध चिंचेचं झाड होतं आणि बॉल हेडसरांच्या खिडकीला लागला की बॅट्समन आउट, शिवाय त्याला छड्या. लोक चक्क हसले. मी खुलत गेलो. पिवळा लागला. "तर अशा मैदानावर वाढलेला मी आज तुम्हाला सांगतो," असं म्हणून पान उलटलं आणि लाल.

"थँक्यू, सर."

टाळ्या पडल्या. मी स्टेडियमच्या बाजूने की विरुद्ध, हे सांगायचं राहूनच गेलं.

पार्किंगमध्ये एका टोपीवाल्या आजोबांनी हात हातात घेतला. "पोरांना चांगलं मैदान हवंच, बरोबर बोललात!" मी घाईघाईने म्हटलं, अहो, ते पैसे शिक्षकांच्या पगाराला द्या असं म्हणणार होतो. त्यांनी शांतपणे समजावलं, बॉण्डचे पैसे पगाराला वापरताच येत नाहीत, पगाराचा खिसा वेगळा. थोडक्यात, आमच्या आईचे डबे. दुधाच्या डब्यातल्या पैशाने गॅस सिलिंडर आलेला मी कधी पाहिला नाही. म्हणजे माझं दुसरं पान वाचायचं राहिलं तेच बरं झालं.

घरी चिरंजीव वाट बघत होते. ते मार्चिंग बँडमध्ये स्वतःपेक्षा मोठं पितळी वाद्य वागवतात. "बाबा, बँडच्या सगळ्या मुलांना तुझं भाषण आवडलं. तू आमच्याच साइडने होतास ना?"

मी पाणी प्यायला आत गेलो.

सप्टेंबरच्या पहिल्या मॅचला जुन्याच स्टेडियममध्ये गेलो. अॅल्युमिनियमचे बाक, संध्याकाळी सातलाही तव्यासारखे. हाफटाइमला बँड मैदानात आला आणि पुढच्या माणसाने नेमकी टोपी घातली. दीडशे पोरांतलं आपलं पोर शोधताना हिने मान वाकडी केली, मग उभी राहिली, मग मागच्यांनी बसवली.

"अरे, नवीन स्टेडियमला स्क्रीन किती मोठा असणार आहे?" तिने विचारलं.

मला तो आकडा तोंडपाठ होता. भाषणाच्या तिसऱ्या पानावर, लाल शाईने अधोरेखित केलेला.