गाडीत औषधच नाही, मग कुलूप कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही चार वर्षं बेळगावच्या खानापूर तालुक्यात १०८ वर ईएमटी, म्हणजे गाडीत पेशंटजवळ बसून उपचार करणारे, होतात, आणि माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. चाकावरची ड्यूटी तुम्ही केलीत, मी नाही. म्हणून आभार मानून मोकळी न होता सविस्तर लिहिते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मॉर्फिन, फेंटॅनिल, केटामाइन, मिडाझोलाम ही वेदना थांबवणारी किंवा गुंगी आणणारी, पण नशेकडे वळू शकणारी औषधं रुग्णवाहिकेत कुलपात असावीत, दर ड्यूटीला मोजली जावीत आणि फुटलेल्या प्रत्येक अँपुलचा (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीचा) हिशेब लागावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "सिस्टर, जांबोटीच्या पुढं मोबाइलला रेंज नाही. पावसाळ्यात पेशंटला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. गाडीत मॉर्फिनचा पत्ता नाही आणि तुम्ही कुलपाच्या गोष्टी सांगताय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? हे अमेरिकेचे नियम म्हणजे आमच्यासारख्या पोरांना चोर समजणं. रात्री गाडीत आम्ही दोघंच. साक्षीदार म्हणून पायलटला स्टिअरिंग सोडायला सांगू काय?"

आडापासूनच सुरुवात करते. आड कोरडा का पडला?

१९८५ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला. रोख तस्करांवर होता, पण घाबरले ते दवाखाने. मॉर्फिन ठेवायचं तर ताब्याचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचं तर आयातीचा वेगळा आणि तिकडून निर्यातीचा वेगळा. एकाची मुदत चालू असेपर्यंत दुसऱ्याची संपायची. चुकलं तर दहा वर्षांच्या सक्तमजुरीची भाषा करणारा कायदा. आमच्या वेळचे मोठे डॉक्टर सरळ म्हणायचे, "नको ते झंझट, दुसरं काहीतरी द्या." पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. दुखणं काही घसरलं नव्हतं. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातून तोंडाचा कॅन्सर घेऊन आलेली माणसं रात्रभर उशी चावत पडलेली मी बघितली आहेत.

असाध्य आजारातल्या वेदनांवर उपचार करणाऱ्या केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. पाच खात्यांचे उंबरे झिजवण्याऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडे एकच अर्ज करायचा, अशी सोय झाली. त्या बदल्यात मागितलं काय? रोजचा हिशेब आणि त्याला जबाबदार असलेला एक डॉक्टर. आता सांगा, स्वतःच्या सहीवर ज्यानं मॉर्फिन आणलंय तो डॉक्टर ते कणकुंबीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत का ठेवेल? संध्याकाळी परत मोजून मिळणार असेल तरच. तुम्ही म्हणता औषध येऊ द्या, कुलपाचं मग बघू. मला वाटतं, कुलूप आणि वही तयार नाही हेच औषध न येण्याचं एक कारण आहे. एकमेव नाही. पैसा, प्रशिक्षण, आणि श्वास मंदावला तर लागणारं नॅलॉक्सोन गाडीत असणं, हे सगळंही लागतं. पण वही उद्या सकाळी सुरू करता येते, आणि तिच्यासाठी टेंडर काढावं लागत नाही.

शिवाय गाडी अगदी रिकामीही नसते. कीटकनाशक प्यालेल्या माणसाला झटके येतात, तेव्हा काय देता? डायझेपाम किंवा मिडाझोलाम. दोन्ही त्याच कायद्याच्या यादीत आहेत. वेदनेवरचं ट्रामाडॉल २०१८ पासून त्या यादीत आलं. केटामाइन २०११ पासून आहे, आणि २०१३ पासून ते शेड्यूल एक्समध्येही आहे, म्हणजे दुकानदारालासुद्धा कुलपाशिवाय ठेवता येत नाही. उसाच्या हंगामात दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळलेला मोटारसायकलवाला, मांडीचं हाड मोडलेलं, बीपी खाली गेलेलं, अशा वेळी केटामाइनसारखं दुसरं नाही. ते गाडीत यावं असं तुम्हालाही वाटत असणार.

आता चोर समजण्याबद्दल. इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी कधी लिहिली नव्हती.

वर्ष नव्वदीतलं. सीमेजवळचा एक दवाखाना, नाव नको. आमच्याकडे वेदनेला पेथिडिन चालायचं. कपाटाला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडे. डेंजरस ड्रग्ज ॲक्ट कधीच रद्द झाला होता, पण आम्ही त्याला डीडीए कपाटच म्हणायचो. (अजूनही म्हणतात. कायदा मेला तरी कपाटाचं नाव मरत नाही.) मी संध्याकाळच्या ड्यूटीला होते. ऑपरेशन होऊन आलेला पेशंट ओरडत होता, स्टोअरमधून आलेली एक अँपुल मी कपाटात ठेवली, वहीत 'आले' या रकान्यात आकडा टाकला आणि पळाले. शिल्लकेचा रकाना कोराच राहिला.

रात्री केरळची एक नवी सिस्टर आली. तिनं हिशेब मांडला: आधीच्या चार, आलेल्या नऊ, एकूण तेरा. कपाटात पाच. आठ अँपुल गायब! तिनं घाबरत घाबरत सुपरवायझरला उठवलं. मग सुरू झाली झडती. तिची पर्स, तिचं लॉकर, तिच्या चपला. पहाटेपर्यंत ती पोर हातमोजे घालून कचऱ्याच्या डब्यात फुटक्या काचा शोधत होती. कुणीतरी बोललंसुद्धा, "बाहेरनं आलेल्या मुली, काय भरवसा."

सकाळी स्टोअरवाल्यानं इंडेंटची, म्हणजे औषधाच्या मागणीची, चिठ्ठी काढली. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'वन ओन्ली'. वहीतला आकडा माझा होता. मी सवयीनं मराठी एक काढला होता, आणि मराठी एक घाईत काढला की इंग्रजी नऊ दिसतो. तिला मराठी आकडे येत नव्हते. तिनं जे दिसलं ते वाचलं. नऊ वजा एक, आठ. मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली, पण दोन महिन्यांत ती नोकरी सोडून गेली.

तुम्ही म्हणाल, बघा, वहीनंच घात केला. माझ्या अर्धवट वहीनं केला, खरं आहे. पण ती सिस्टर सुटली तीही दुसऱ्या एका कागदावर. ती चिठ्ठी नसती तर आठ अँपुलचा डाग घेऊन ती कोट्टयमला परत गेली असती आणि मी आयुष्यभर तिला चोर समजले असते. तेव्हापासून मी प्रत्येक आकडा इंग्रजीत काढते आणि शेजारी अक्षरात लिहिते, चेकवर लिहितात तसा. आपल्या भागात तर हे हवंच. एकाच गाडीवर सकाळी मराठी पोरगा, रात्री कन्नड मुलगी, दोघांचे आकडे वेगळे. भाषेचं भांडण बाकी कुठेही करा, शिल्लकेच्या रकान्यात नको.

चोरी होतच नाही असंही नाही. आणि ती अशी होत नाही की अख्खा डबा पळवला. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये २०१२ साली उघड झालेलं प्रकरण बघा. दवाखान्यातला एक तंत्रज्ञ फेंटॅनिलच्या भरलेल्या सिरिंज उचलायचा, स्वतः टोचून घ्यायचा आणि त्यात सलाईन भरून परत ठेवायचा. मोजणाऱ्याला सिरिंज पूर्ण दिसायच्या. त्याला हेपटायटिस सी होता, तो तीस-चाळीस पेशंटना लागला. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. मला त्यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. तो आधी दुसऱ्या राज्यांतल्या दवाखान्यांतून काढला गेला होता. एका राज्यानं काढलं की पुढच्या राज्यात नोकरी, कारण संशयाचा कागद हद्द ओलांडून गेला नाही. बेळगावात बसून हे वाचताना अंगावर काटा आला. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिल राज्याराज्याची वेगळी, आणि आपली पोरं तर इकडून कोल्हापूर, तिकडून बेळगाव, सकाळ-संध्याकाळ हद्द ओलांडतात.

म्हणून नुसती मोजणी पुरत नाही, सील बघावं लागतं. त्यातच तुमच्या कटकटीवर उपाय आहे. हेस्कॉमच्या विजेच्या मीटरला असतं तसं क्रमांकाचं प्लास्टिकचं सील पेटीला लावायचं. सकाळी आठला चार्ज घेताना सील शाबूत आणि क्रमांक कालचाच, तर तो लिहून दोघांनी सही करायची. आतल्या अँपुल एकेक मोजायची गरज नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. सील तुटलेलं असेल त्याच दिवशी पूर्ण मोजणी. मूळ लेखात मी रोज दोनदा प्रत्येक अँपुल मोजायला सांगितलं होतं. ते वॉर्डातल्या बाईचं डोकं होतं. बारा तासांच्या ड्यूटीत ते कुणी करणार नाही, आणि न मोजता आकडे भरले जातील, तेही एका शाईत, एका बसणीत. तेवढं वाक्य मी मागे घेते.

साक्षीदाराचा तुमचा मुद्दा सगळ्यांत भारी, आणि मी त्यावर खरंच विचार केला नव्हता. अडचण फुटलेल्या अँपुलची नसते, उरलेल्या औषधाची असते. फेंटॅनिलची दोन मिलीची अँपुल, १०० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला साधारण ६० दिले. उरलेले ४० कुठे गेले? दवाखान्यात दुसरी सिस्टर बघते आणि दोघी सही करतात. गाडीत पायलटचा हात स्टिअरिंगवर, तो काय बघणार! मग गाडीत ओतायचंच नाही. उरलेलं सिरिंजमध्येच ठेवायचं, टोपण घालायचं, चिकटपट्टीवर औषध, वेळ आणि उरलेलं प्रमाण लिहायचं, आणि कॅज्युअल्टीत पेशंट सोपवताना तिथल्या सिस्टरसमोर ओतून तिची सही घ्यायची. रिकामी अँपुल सोबत. ती जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही, ही स्टोअरची जुनी रीत इथेही चालते.

पेशंट मिरजेला किंवा कोल्हापूरला नेलात तर तिथली सिस्टर म्हणेल, कर्नाटकाच्या वहीत मी का सही करू? म्हणेलच. तिची बाजूही समजते, तिच्याकडे डॉक्टर घेऊन येणारी महाराष्ट्राची १०८ येते आणि आपल्याकडून एकटा ईएमटी येतो. कायदा मात्र केंद्राचा आहे, कागलला एक आणि कोगनोळीला दुसरा असं नाही. कार्बन लावलेली दोन प्रतींची चिठ्ठी ठेवा, एक तिच्या केसपेपरला लागेल. स्वतःच्या पेशंटला वाटेत काय दिलंय हे तिलाही हवंच असतं, त्यामुळे त्या कागदावर ती सही करते. वही पुढे केली की हात मागे घेते.

राहिले अमेरिकेचे नियम. त्यांचं कौतुक मलाही फार नाही. त्यांचा मूळ कायदा १९७० चा, डॉक्टरांचे दवाखाने डोळ्यांसमोर ठेवून केलेला. रुग्णवाहिकेवरचा माणूस डॉक्टर समोर नसताना, आधीच लिहून ठेवलेल्या आदेशावर ही औषधं देऊ शकतो, हे तिथे स्पष्टपणे लिहिलं गेलं २०१७ साली. सत्तेचाळीस वर्षं लागली. पण त्यातली ही एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे, आणि तीही तुमच्याच मुद्द्यामुळे. कंट्रोल रूममधल्या डॉक्टरला फोन लावून विचारायचं, ही पद्धत जांबोटीच्या पुढे रेंज गेली की संपते. आधी लिहून ठेवलेल्या आदेशाला रेंज लागत नाही. अमुक वजनाला इतकं, बीपी इतक्याच्या खाली असेल तर नाही, दुसरा डोस इतक्या मिनिटांनी. मात्र असा कोरा विश्वास कुठलाही डॉक्टर सही करून देणार तो हिशेबाच्या वहीकडे बघूनच.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या गाडीत औषधांची पेटी नेमकी कुठे होती, पायलटच्या सीटमागे की ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ? आणि एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात उभी असताना आत हात लावून बघितला होतात का कधी? झटक्यांवरचंच लोरॅझेपाम फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, उन्हात त्याचा जोर कमी होतो, मिडाझोलाम बरंच तग धरतं. पुढचा लेख त्याच्यावर लिहायचा आहे आणि या वेळी आधी चाकावरच्या माणसाला विचारून लिहीन म्हणते. सवडीनं कळवा. तुमच्या पायलटलाही विचारा, पेटी कुठे बसवली तर घाटात खडखडत नाही ते त्यालाच जास्त ठाऊक असेल.